मळसूत्रावर उभा राहिलेला पूल

विरारहून चर्चगेटकडे निघालेली लोकल नायगाव स्टेशन सोडते आणि मिठागरांच्या कडेने धावू लागते. थोड्याच वेळात चाकांचा आवाज बदलतो. खाली पाणी असते. काही क्षणांनी आवाज पुन्हा पहिल्यासारखा होतो, दोन्ही बाजूंना तिवरे आणि थोडीशी जमीन दिसते, आणि लगेच दुसरा, पहिल्याहून बराच लांब पूल सुरू होतो. तो संपला की भाईंदर. मधली जमीन म्हणजे पाणजू बेट. उल्हास नदीची उत्तरेकडची शाखा वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. मुखाजवळ या बेटामुळे तिचे दोन फाटे होतात, म्हणून रेल्वेलाही दोन पूल बांधावे लागले. उत्तरेकडचा पूल सुमारे अर्धा किलोमीटरचा, तर दक्षिणेकडचा सव्वा किलोमीटरहून थोडा मोठा. पश्चिम रेल्वेच्या यादीत ते ७५ आणि ७३ या क्रमांकांनी ओळखले जातात.

रोज लाखो माणसे या पुलांवरून जातात. त्यांत आपले विद्यार्थी असतात, आपण शिक्षकही असतो. पण येथे पहिला पूल कसा उभा राहिला असेल, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. आम्हीही तो अनेक वर्षे विचारला नव्हता. एकदा काही विद्यार्थ्यांना घेऊन ओहोटीच्या वेळी खाडीकाठी गेलो असताना एक मुलगा चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला. त्याला ओढून काढल्यावर त्यानेच विचारले, "सर, इथे माणूस उभा राहत नाही, तर पूल कसा उभा राहिला?" हा लेख म्हणजे त्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

चिखलाची अडचण

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही कंपनी १८५५ साली स्थापन झाली. तिचा पहिला तुकडा अंकलेश्वर ते सुरतजवळचे उत्राण हा होता आणि तो १८६० साली सुरू झाला. तेथून दक्षिणेकडे येत येत २८ नोव्हेंबर १८६४ रोजी हा मार्ग मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोचला. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि गुजरातच्या कापसाला मोठी मागणी आली होती. मार्ग लवकर पुरा होणे कंपनीच्या दृष्टीने फार गरजेचे होते. वसईच्या खाडीवरचे पहिले पूल या घाईच्या काळातले आहेत. पुढे १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते बॅक बे अशी रोजची उपनगरी गाडी याच मार्गावर सुरू झाली.

त्याआधी दहा वर्षे, १८५४ साली, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ठाण्याची खाडी ओलांडली होती. ठाण्याला दगडी कमानींचा पूल बांधता आला. दगडी कमान फार वजनदार असते आणि तिचा पाया जराही खचून चालत नाही. एक खांब दोन इंच खचला तरी कमानीला तडा जातो. म्हणून कमानीला खाली खडक किंवा तशीच घट्ट जमीन हवी. वसईच्या खाडीच्या मुखाशी मात्र गाळाचा आणि रेतीचा जाड थर, वर दिवसातून दोनदा चढणारे-उतरणारे पाणी आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत चार-साडेचार मीटरचा फरक, अशी परिस्थिती.

अशा जागी जुना उपाय म्हणजे लाकडी खुंट ठोकणे. परंतु मऊ गाळात ठोकलेला खुंट कधीकधी पुन्हा वर उचलला जातो. शिवाय खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव असतात, ते काही वर्षांतच लाकडाची चाळण करतात. मग लोखंडी खुंट का ठोकू नयेत? त्या काळी मोठ्या नळ्या बिडाच्या ओतत. बीड दाब उत्तम सोसते, पण ते ठिसूळ असते. वरून घणाचे घाव घातले तर फुटते. म्हणजे खांब बिडाचा हवा, पण तो ठोकता येत नाही, अशी ही अडचण होती.

अंध अभियंत्याची युक्ती

यावरचा उपाय तीस वर्षे आधीच सापडला होता. अलेक्झांडर मिचेल (१७८० ते १८६८) हा आयर्लंडमधला अभियंता. तरुणपणीच त्याची दृष्टी गेली होती. १८३३ साली त्याने एका नव्या खांबाचे पेटंट घेतले. खांबाच्या खालच्या टोकाला स्क्रूसारखे रुंद पाते बसवायचे आणि खांब ठोकण्याऐवजी फिरवत फिरवत जमिनीत उतरवायचा, अशी ही कल्पना होती. आपल्याकडे स्क्रूला मळसूत्र म्हणतात, म्हणून आपण याला मळसूत्री खांब म्हणू या. टेम्स नदीच्या मुखाशी मॅप्लिन नावाची वाळूची दांडी आहे. तेथील दीपगृहाचे असे खांब १८३८ साली रोवले गेले. मिचेल स्वतः हाताने चाचपून काम तपासत असे.

लाकडात खिळा ठोकणे आणि स्क्रू पिळणे यांतला फरक आपल्याला माहीत आहे. स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळला की त्याचा कर्ण स्क्रूच्या आट्यासारखा दिसतो, हे वर्गात सहज दाखवता येते. उतारावरून ओझे चढवताना अंतर वाढते, पण जोर कमी लागतो. स्क्रूचेही तसेच आहे. एक पूर्ण फेरा दिला की तो एका आट्याच्या अंतराइतकाच खाली जातो, पण त्यासाठी धक्का द्यावा लागत नाही. ठिसूळ बिडाला नेमके हेच हवे होते.

मळसूत्री खांबाच्या पात्याला लाकडी स्क्रूसारखे अनेक आटे नसतात. एक किंवा जरासा जास्त फेरा पुरतो, कारण पात्याचे खरे काम खांब उतरून झाल्यावर सुरू होते. मग ते बशीसारखे पसरून वजन पेलते.

हे आकड्यांनी पाहू या. समजा, बिडाची नळी अडीच फूट, म्हणजे सुमारे ०.७६ मीटर व्यासाची आहे आणि पात्याचा व्यास साडेचार फूट, म्हणजे १.३७ मीटर आहे. नळीच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे ०.४६ चौरस मीटर येते आणि पात्याचे सुमारे १.४८ चौरस मीटर. एका चौरस मीटरला दहा टन भार सोसणारी जमीन धरली, तर नुसती नळी साडेचार टनांच्या आसपास पेलेल आणि पाते लावलेली नळी जवळजवळ पंधरा टन. व्यास पावणेदोन-दोन पट वाढला, पण पेलण्याची ताकद तिपटीहून जास्त झाली, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. हा वर्गाचा नियम मुलांना पाठ असतो. तो येथे पुलाच्या कामी आला, हे सांगितले की लक्षात राहतो.

बैलांची रहाटगाडगी

खांब फिरवायला जोर आणायचा कुठून? वाफेची यंत्रे होती, पण ती खाडीत मधोमध नेणे सोपे नव्हते. या रेल्वेच्या कामांत जेथे जमीन मिळे, तेथे बैल वापरण्याची पद्धत होती. खांबाच्या डोक्यावर चरकासारखी मान बसवायची, तिला लांब तरफा जोडायच्या आणि तरफांच्या टोकांना बैल जुंपून त्यांना गोल फिरवायचे. आपल्याकडचा उसाचा चरक किंवा तेलाचा घाणा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र समजायला वेळ लागणार नाही. पाणी असेल तेथे लाकडी माचा बांधून दोर आणि रहाट यांची मदत घेत.

किती जोर मिळेल? समजा, १२ मीटर लांबीच्या चार तरफा आहेत आणि प्रत्येकीला आठ बैल आहेत. एक बैल बराच वेळ साधारण ४०० न्यूटन बलाने ओढू शकतो. ३२ बैलांचे एकूण बल झाले १२,८०० न्यूटन. बल गुणिले तरफेची लांबी म्हणजे आघूर्ण, म्हणून १२,८०० × १२ = १,५३,६०० न्यूटन-मीटर. आता पात्यावर, मध्यापासून सुमारे अर्धा मीटर अंतरावर, हेच आघूर्ण पोचते असे धरू. तेथे बल होईल ३,०७,२०० न्यूटन, म्हणजे एकतीस टनांच्या वजनाइतके. आर्किमिडीजच्या तरफेचा नियम आणि बैल, या दोन्ही गोष्टी आपल्या गावांत आधीपासून होत्या. नवीन होते ते फक्त पाते.

हा हिशेब आम्ही मुलांना सांगितला आणि मग प्रयोग करायला बसलो. येथे आमची एक चूक झाली, ती सांगणे उपयोगाचे आहे. आम्ही पेन्सिलीच्या टोकाला पत्र्याची सपाट गोल चकती बसवली आणि ती ओल्या मातीत फिरवू लागलो. कितीही फिरवली तरी ती खाली जाईना. आठवीतल्या एका मुलीने चकती हातात घेतली, कात्रीने कडेपासून मध्यापर्यंत एक छेद दिला आणि छेदाची एक कड वर, दुसरी खाली वाकवली. चकतीचे मळसूत्र झाले आणि चार फेऱ्यांत ते मातीत गेले. सपाट चकती मातीला नुसती घासते, तर वाकवलेली चकती मातीत शिरायला वाट शोधते. मिचेलच्या पेटंटचा गाभा त्या एका छेदात होता.

एकाच मापाचे सारे

कंपनीचे सल्लागार अभियंता होते कर्नल जॉन पिट केनेडी (१७९६ ते १८७९). ते आयर्लंडचे. हिंदुस्थानातही त्यांनी आधी काम केले होते, आणि १८५० च्या सुमारास डोंगरी रस्त्यांच्या बांधणीत त्यांचा हात होता. मुंबई ते गुजरात या पट्ट्यात लहानमोठ्या अनेक नद्या आणि खाड्या आहेत. प्रत्येकीसाठी वेगळा पूल आखत बसलो तर मार्ग कधीच पुरा होणार नाही, हे केनेडींनी ओळखले. त्यांनी बहुतेक मोठ्या पुलांसाठी एकच माप ठरवले: साठ फुटांचा गाळा. खाली मळसूत्री खांब आणि वर वॉरन पद्धतीची लोखंडी तुळई.

वॉरन तुळईचे पेटंट १८४८ सालचे. वरची आणि खालची पट्टी समांतर ठेवायची आणि मध्ये तिरक्या पट्ट्यांनी समभुज त्रिकोणांची रांग करायची. त्रिकोणच का? चार काड्यांचा चौकोन कोपऱ्यांत टाचण्यांनी जोडा आणि बाजूने दाबा, तो कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र काडी मोडल्याशिवाय आकार बदलत नाही. त्यामुळे कमी लोखंडात बळकट तुळई होते आणि खालच्या खांबांवर वजनही कमी येते. मऊ जमिनीत हलका पूल हा पहिला फायदा होता.

दुसरा फायदा वाहतुकीचा. सारे भाग विलायतेत ओतून किंवा घडवून जहाजाने यायचे. सुएझचा कालवा तेव्हा खुला झालेला नव्हता, तो झाला १८६९ साली. म्हणजे प्रत्येक नळी आणि प्रत्येक पट्टी आफ्रिकेला वळसा घालून येई. एखादा भाग मोडला किंवा समुद्रात गेला तर नव्या भागासाठी महिनोन् महिने थांबावे लागले असते. पण सगळे भाग एकाच मापाचे असल्यामुळे एका पुलाचा भाग दुसऱ्याला लावता येई. सव्वा किलोमीटरच्या वर लांबी आणि साठ फुटांचा गाळा, म्हणजे दक्षिणेकडच्या एकाच पुलाला सत्तरच्या आसपास गाळे झाले. आज आपण सायकलचा नट कोणत्याही दुकानात विकत घेतो. त्यामागची 'एकसारखे भाग' ही कल्पना तेव्हा नवी होती.

होडी थांबणार की गाडी?

पूल बांधला की एक जुनाच प्रश्न उभा राहतो. खाडी हा होड्यांचा रस्ता होता. रेल्वेच्या कितीतरी आधीपासून वसई, घोडबंदर, ठाणे, कल्याण अशी गलबतांची ये-जा होती. नायगावच्या धक्क्यावर एका वृद्ध नाखव्याने आम्हाला एका वाक्यात सारी अडचण सांगितली: "ओहोटीला पुलाखाली उंची मिळते पण पाणी मिळत नाही, आणि भरतीला पाणी मिळतं पण उंची मिळत नाही." भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हे वाक्य कुठे सापडायचे नाही, पण ते अगदी बरोबर आहे. पाण्याची पातळी जितकी चढेल तितकी डोलकाठी पुलाजवळ जाते.

यावर तीन उपाय असतात. एक, पूल उंच बांधणे. मग दोन्ही बाजूंना लांबलचक चढ करावे लागतात, आणि आगगाडीला तीव्र चढ चालत नाही. दोन, डोलकाठी खाली घेता येईल अशाच होड्या वापरणे. आणि तीन, पूलच बाजूला करणे.

बाजूला होणाऱ्या पुलांपैकी एका साध्या प्रकाराला फिरता पूल म्हणतात. दाराचा पट जसा बिजागरीवर फिरतो तसा तो एका खांबावर आडवा फिरतो. इंग्लंडमध्ये खेड्यांतल्या कालव्यांवर असे अनेक छोटे पूल आहेत. लीड्स ते लिव्हरपूल या कालव्यावर नावाडी स्वतः काठावर उतरतो, पूल ढकलून उघडतो, नाव पुढे नेतो आणि परत येऊन पूल बंद करतो. काही टनांचा पूल एकटा माणूस कसा ढकलतो? समजा, पूल दहा टनांचा आहे, तो एक मीटर त्रिज्येच्या चाकांच्या कड्यावर टेकला आहे आणि चाकांचे घर्षण वजनाच्या एक टक्का आहे. घर्षणाचे आघूर्ण होईल ९८,००० × ०.०१ × १ = ९८० न्यूटन-मीटर. मध्यापासून सहा मीटरवर ढकलले तर लागणारे बल १६३ न्यूटन, म्हणजे साधारण सतरा किलो वजनाइतके. दहावीतला मुलगाही हा पूल फिरवील. अट एकच, दोन्ही बाजूंचे वजन सारखे तोललेले असले पाहिजे. एक बाजू लहान असेल तर तिच्यावर दगड किंवा बीड ठेवून तोल साधतात.

हाच नियम मोठ्या पुलांनाही लागू पडतो. न्यूकॅसल येथे टाइन नदीवर आर्मस्ट्राँगच्या कारखान्याने १८७६ साली बांधलेला फिरता पूल पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने फिरे. इजिप्तमध्ये सुएझ कालव्यावर एल फर्दान येथे २००१ साली झालेल्या रेल्वेपुलाचा फिरता गाळा ३४० मीटरचा आहे. आपल्या देशात पांबनचा जुना रेल्वेपूल (१९१४) फिरत नसे, तर त्याच्या मधल्या गाळ्याचे दोन पाखे वर उचलले जात. त्याच्या शेजारचा नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो.

आता दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. मळसूत्री खांब आणि फिरता पूल, दोन्हींचे शास्त्र आघूर्णाचेच आहे. खांबाच्या बाबतीत आपण एकदाच, खूप जोर लावून फिरवतो आणि मग तो कधी फिरू नये अशी इच्छा करतो. तेथे मातीचे घर्षण आपला मित्र असते. फिरत्या पुलाच्या बाबतीत घर्षण शत्रू असते, आणि मधला खांब जराही कलला तर सारा पूल अडकून बसतो. म्हणून मऊ गाळाच्या खाडीत फिरता पूल बांधणे अवघड. त्यातून गाड्यांची वर्दळ वाढली की आणखी अडचण. पांबनला गाड्या मोजक्या होत्या, म्हणून पूल उघडायला वेळ मिळे. विरार लोकलच्या मार्गावर पंधरा मिनिटे पूल उघडा ठेवला तर काय होईल, याचा हिशेब विद्यार्थ्यांनीच करावा.

पुलाचे दोन शत्रू

लोखंडी खांब खाऱ्या पाण्यात उभा राहिला की त्याच्यामागे दोन शत्रू लागतात. पहिला गंज. सर्वांत वाईट अवस्था पाण्याखाली नसते, तर भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या पट्ट्यात आणि त्याच्या जरा वर असते, कारण तेथे मीठ, पाणी आणि हवेतला प्राणवायू तिन्ही भरपूर मिळतात. बिडाच्या बाबतीत आणखी एक फसवा प्रकार घडतो. बिडातील लोखंड हळूहळू विरघळून जाते आणि ग्राफाइटचा सांगाडा तसाच उरतो. खांबाचा आकार, जाडी, अगदी ओतीव अक्षरेसुद्धा जशीच्या तशी दिसतात, पण तो भाग चाकूने कापता येतो. म्हणून जुन्या बिडाची तपासणी नुसत्या डोळ्यांनी करत नाहीत. ते ठोकून, खरवडून पाहावे लागते.

दुसरा शत्रू म्हणजे धूप. वाहते पाणी खांबावर आदळले की त्याचा काही भाग खांबाच्या पुढच्या बाजूने खाली वळतो आणि तळाशी घोड्याच्या नालेसारखा भोवरा तयार होतो. हा भोवरा खांबाभोवतीची रेती उपसून काढतो. खड्ड्याची खोली खांबाच्या रुंदीच्या दीड ते अडीच पट होऊ शकते. हा प्रयोग सोपा आहे. एका ताटात रेती पसरा, तीत एक जाड पेन्सिल उभी रोवा आणि एका बाजूने पाण्याची संथ धार सोडा. पाच मिनिटांत पेन्सिलीभोवती खळगा दिसेल. खांब जितका आत रोवलेला, तितका तो सुरक्षित. खांबाचे पाते उघडे पडले, तर वर दिलेला पंधरा टनांचा हिशेब कोलमडतो.

याचा धडा याच कंपनीला भडोच येथे मिळाला. नर्मदेवर १८६० च्या सुमारास बांधलेला मळसूत्री खांबांचा पूल पुरांनी वारंवार मोडला. नर्मदेच्या पुरात पाण्याचा वेग प्रचंड असतो आणि वाहून आलेली झाडे जवळजवळ असलेल्या खांबांत अडकतात. अखेर १८७७ ते १८८१ या काळात तेथे नवा, मोठ्या गाळ्यांचा पूल बांधावा लागला, तोच आजचा गोल्डन ब्रिज. एकच माप सगळीकडे, ही केनेडींची युक्ती होती आणि तिची मर्यादाही तीच होती. प्रत्येक नदीचा स्वभाव वेगळा असतो.

वसईच्या खाडीवरचे पहिले पूलही आता वापरात नाहीत. वाढत्या वजनाच्या आणि वेगाच्या गाड्यांसाठी त्यांची जागा पुढे नव्या पुलांनी घेतली, आणि आज लोकल ज्यांच्यावरून धावते ते नंतरच्या काळातले आहेत. पण धूप नव्या खांबांनाही सोडत नाही. खाडीत सक्शन पंपाने होणाऱ्या बेकायदा रेतीउपशाच्या बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार येतात. भोवरा जे काम वर्षानुवर्षे करतो, ते पंप एका रात्रीत करू शकतो. पुलापासून दूर काढलेली रेतीसुद्धा निरुपद्रवी नसते, कारण तळाचा खड्डा प्रवाहाबरोबर सरकत सरकत पुलाकडे येऊ शकतो. पुलाजवळ रेती उपसायला बंदी का असते, हे ताटातल्या पेन्सिलीने मुलांना पटते. भाषणाने पटत नाही.

पुलावरची माणसे

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय लेख संपवता येत नाही. पाणजू बेटावर वस्ती आहे. तेथील लोक होडीने नायगावला येतात आणि पुष्कळदा रेल्वेपुलाच्या कडेने चालत जातात. आपण गाडीतून श्रद्धेने खाडीत निर्माल्य, नारळ टाकतो तेव्हा खाली किंवा कडेला कोणी असेल असे मनातही येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये असाच गाडीतून फेकलेला नारळ लागून पुलाच्या कडेने चालणाऱ्या एका तरुणाचा जीव गेला.

याचाही हिशेब करून पाहू. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर हातातून नुसता सोडलेला नारळसुद्धा सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने पुढे जातो. ६०० ग्रॅमच्या नारळाची गतिज ऊर्जा होते अर्धा × ०.६ × २२ × २२, म्हणजे सुमारे १४५ ज्यूल. तो जवळजवळ २५ मीटर उंचीवरून, आठव्या मजल्यावरून पडल्यासारखाच आहे. आपण गाडीत स्थिर बसलेले असतो, म्हणून नारळही आपल्याला स्थिर वाटतो. सापेक्ष वेगाचा पाठ नववी-दहावीत शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. नदीवर आणि कोणाच्या श्रद्धेवर टीका करण्याची गरज नाही, फक्त गुणाकार करून दाखवावा.

वर्गासाठी

शिक्षकांनी पुढील गोष्टी करून पाहाव्यात:

१. बादलीभर ओल्या मातीत एक साधी पेन्सिल आणि एक पत्र्याचे मळसूत्र लावलेली पेन्सिल सारख्याच खोलीपर्यंत रोवा. दोन्हींवर वजने ठेवून कोणती किती वजनाला एक सेंटिमीटर खचते ते नोंदवा. मग स्प्रिंगच्या काट्याने दोन्ही वर ओढून पाहा.

२. काड्या आणि टाचण्यांची वॉरन तुळई करा. कोणत्या काड्या ताणल्या जातात आणि कोणत्या दाबल्या जातात, ते काडीऐवजी दोरा लावून ओळखा. दोरा ताण सोसतो, दाब सोसत नाही.

३. एक फूटपट्टी उलट्या वाटीवर तोलून फिरता पूल करा. एका बाजूला नाणे ठेवले की तो फिरवायला कठीण का जातो?

४. भरती-ओहोटीचे तक्ते वर्तमानपत्रातून पंधरा दिवस लिहून काढा. नाखव्याचे वाक्य कोणत्या तिथींना सर्वांत खरे ठरेल?

५. आपल्या गावाजवळचा सर्वांत जुना पूल शोधा. त्याचे गाळे मोजा, एका गाळ्याची लांबी सुरक्षित जागेवरून काढा आणि तो कशाचा बांधला आहे ते लिहून ठेवा. रुळांवर आणि रेल्वेपुलावर मात्र कोणत्याही कारणाने जाऊ नये.

शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. किल्ल्यांच्या नोंदी आपण ठेवतो. वसईच्या किल्ल्याचा १७३९ चा रणसंग्राम प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. त्याच खाडीवर सव्वाशे वर्षांनी बिडाच्या नळ्या, एक छेद दिलेली चकती आणि बैलांचे बळ यांनी जो पूल उभा राहिला, त्याची नोंद मात्र गावात कोणाकडे सापडत नाही. जुने पूल मोडीत निघतात तेव्हा त्यांचे लोखंड विकले जाते, पण ते कसे उभे राहिले हे ज्ञानही त्यांच्याबरोबर जाते. ते टिकवायचे तर वर्गातल्या वहीतही टिकवता येईल. चिखलात रुतलेल्या त्या मुलाने आमच्या समोरच आपल्या वहीत पहिले चित्र काढले होते. पूल त्यात नव्हता, नुसते मळसूत्र होते. आम्हाला ते पुरेसे वाटले.